मोरगावचा भुंगा

"काका, गिटारीत भुंगा शिरलाय," असा फोन आला की मी आधी हातातला चहा संपवतो. घाई करत नाही. गिटार लॅपटॉपला जोडली की तिच्या सुरांखाली एक घूंऽऽ असा आवाज चालू होतो. तुम्ही वाजवा नाहीतर गप्प बसा, तो आपला चालूच. त्याला आम्ही भुंगा म्हणतो. आमच्या धंद्यात तो पडशासारखा आहे. कुणालाही होतो, त्यानं कुणी मरत नाही, पण जाता जात नाही.

मोरगावच्या ऋतुजाचा फोन आला तेव्हा मात्र मी चहा अर्धा ठेवून उठलो. पुण्याच्या एका संगीत महाविद्यालयात प्रवेशासाठी तिला गिटारचे दोन तुकडे वाजवून पाठवायचे होते. एका दमात वाजवलेले, मधे कापाकापी नाही, मागाहून आवाजाची धुलाई नाही. मुदत त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत. आठवडाभर ती रोज रेकॉर्ड करत होती आणि रोज भुंगा येत होता. घरात वडिलांशी ठरलेलं होतं की या खेपेला प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर गिटार खुंटीला आणि बारामतीत नर्सिंगला नाव घालायचं. हे सगळं तिनं न रडता, पाढे म्हणावेत तसं सांगितलं. शेवटी फक्त "काका, तुमी येताय ना?" असं दोनदा विचारलं. मी येतो म्हणालो आणि गाडीला किक मारली.

बारामती ते मोरगाव रस्ता बराच आहे, तोवर माझ्या धंद्याची ओळख करून देतो. नाहीतर पुढचं तुम्हाला काही कळायचं नाही.

मी मूळचा कर्णेवाला. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात लग्नं, जत्रा, प्रचारसभा यांत झाडाला कर्णा बांधण्यात माझी जवानी गेली. पुढं ऑर्केस्ट्राला साउंड पुरवला, बिघडलेले ॲम्प्लिफायर उघडले, त्यांच्या पोटातल्या पाली काढल्या. आता दुकान पुतण्या बघतो. तो मला म्हणाला, नाना, तुम्ही आता निवांत बसा. बसणारच होतो, पण तेवढ्यात लोकांनी घरी बसून गिटार रेकॉर्ड करायचं खूळ काढलं. ऑनलाइन सामान मागवायचं, व्हिडिओ बघून जोडायचं, आणि जमलं नाही की कुणीतरी सांगतं, अरे बारामतीच्या नानाला बोलव. म्हणजे वरातीतून रिटायर झालो आणि माजघरात रुजू झालो.

सामान तसं थोडंच असतं. गिटार, तिची वायर, लॅपटॉप, हेडफोन, आणि मधे एक डबी. तिला इंटरफेस म्हणतात, पण आमच्याकडं सगळे डबीच म्हणतात. गिटारचा आवाज लॅपटॉपला कळेल अशा भाषेत सांगायचं काम ती करते. तिला चार भोकं आणि दोन खुंट्या असतात. एवढ्याशा वस्तूपायी माणसं काय काय करून ठेवतात ते बघितल्याशिवाय कळायचं नाही.

लासुर्ण्याचे एक तात्या आहेत, उसाचे बागायतदार. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, पुढं संसारात ती माळ्यावर गेली. साठीनंतर परत खाली काढली. मुलानं हौसेनं डबी घेऊन दिली. तात्यांनी गिटारची वायर डबीच्या मागच्या भोकात घातली, म्हणजे जिथून आवाज बाहेर पडतो तिथं. आवाज येईना म्हणून दोन्ही खुंट्या पार शेवटापर्यंत पिळल्या. तरी येईना. मग वायर काढून पुढच्या भोकात घातली, पण खुंट्या तशाच. कानाला हेडफोन. तार छेडली आणि तात्या खुर्चीसकट मागं गेले. मी पोचलो तर पाठीला तेल चोळणं चाललं होतं. वर मलाच म्हणाले, डबी सदोष हाय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मी त्यांना विचारलं, तात्या, मोटरीचं पाणी ओढणारं सक्शन कुठलं आणि पाणी फेकणारी डिलिव्हरी कुठली? तात्यांना रागच आला. जन्म गेला त्यांचा उसाला पाणी देण्यात. मग मी म्हणालो, डबीचंही तसंच आहे. पुढचं भोक सक्शन, तिथं गिटार. मागचं भोक डिलिव्हरी, तिथं स्पीकर. खुंटी म्हणजे व्हॉल्व्ह, तो हळूहळू उघडायचा. लाल दिवा चमकला की पाइप फुटायला आला समजायचं आणि जरा मागं यायचं. गिटारचा करंट असतो उन्हाळ्यातल्या बोअरच्या धारेएवढा बारीक, म्हणून डबीवर गिटारचं चित्र असलेलं बटण दाबायचं, मग ती जोर लावून ओढते. तात्यांना एका मिनिटात समजलं. पुढच्या खेपेला गेलो तर त्यांनी त्या महागड्या डबीवर ट्रॅक्टरच्या ऑइल पेंटनं सक्शन आणि डिलिव्हरी असं रंगवून ठेवलं होतं. अक्षर मात्र सुंदर होतं.

सगळ्यांचंच असं हसण्यावारी गेलं नाही. पळसदेवला धरणाच्या पाण्यात मासेमारी करणारे एक गृहस्थ होते. गिटारचा फार नाद. डबी जोडली, वाजवायला बसले, तर छेडलेली तार कानात जराशी उशिरा ऐकू यायची. आवाज लॅपटॉपात जाऊन परत येतो त्याला तेवढा वेळ लागतो, एवढंच. पण त्यांना वाटलं, वयामुळं आपली बोटंच मागं पडायला लागली. कुणाला काही न बोलता त्यांनी गिटार गोणपाटात गुंडाळून ठेवली. बऱ्याच काळानं सहज बोलण्यात निघालं तेव्हा मी जाऊन डबीवरचं एक बटण दाबलं, की आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ कानात. वाजवायला लागले आणि डोळे पुसायला लागले. मधला काळ फुकट गेला त्याची मला अजून हळहळ वाटते.

असो. मोरगाव आलं. बारामती मागं पडली की ऊस कमी होत जातो आणि नांगरून ठेवलेली उजाड रानं दिसायला लागतात. मे महिना होता. देवळाच्या कळसाला गाडीवरूनच हात जोडले आणि गावाबाहेरच्या वस्तीवर गेलो.

ऋतुजाचे वडील मारुतीराव उंबऱ्यात उभे होते. घराणं मेंढरांमागं हिंडणारं, पण मारुतीरावांनी मेंढरं मोडून थोडी बाजरी, थोडी ज्वारी आणि शेळ्या धरलेल्या. उंच, वाळलेला, शब्दाला महाग माणूस. शेळ्या घेऊन ऋतुजाची आई रानात गेलेली. मारुतीराव मला एवढंच म्हणाले, बघा नाना, हुतंय का. न्हाय झालं तर न्हाय. मला वाटलं, या माणसाला हे न झालेलंच हवंय. माझं तोंड जरा कडू झालं.

आत गेलो. पोरीनं सगळं नीट मांडलं होतं. गिटार पोकळ लाकडी, नुसती छेडली तरी लांब ऐकू जाणारी, पोटात आजूबाजूचंही टिपणारा बारका माइक; ती सक्शनला, हेडफोन डिलिव्हरीला, खुंट्या जागेवर. तात्यांना दाखवायला न्यावी अशी जोडणी. हेडफोन कानाला लावला आणि भुंगा भेटला. साधासुधा नव्हे, मधाच्या पोळ्यात डोकं घातल्यासारखा.

पहिला संशय वायरीवर. वायर मधेच चिकटपट्टीनं बांधलेली. विचारलं तर म्हणाली, शेळीनं चावली. खिडकीतून लोंबत होती, शेळीला वाटलं वेल आहे. मी हसलो, माझ्या पिशवीतली नवी वायर लावली, आणि विजयी मुद्रेनं हेडफोन घातला. भुंगा जसाच्या तसा. चोर सोडून संन्याशाला फाशी. उगाच त्या शेळीला बोल लावला.

मग पंखा बंद केला. ट्यूब बंद केली. फ्रिज बंद केला. मोबाइल बाहेर ठेवला. पोरगी घामानं निथळतेय, मी निथळतोय, भुंगा निवांत. लॅपटॉपचा चार्जर काढावा, बॅटरीवर चालवावं, तर लॅपटॉप जुना, बॅटरी बसलेली, चार्जर काढला की डोळे मिटतो. चार्जरची पिन तपासली. आमच्याकडं तीन पायांची पिन बोर्डात बसली नाही की पक्कड घेऊन तिसरा पाय मोडतात. तो पाय अर्थिंगचा, म्हणजे करंटला जमिनीत जायची वाट. तो मोडला की भुंगा आलाच. पण ऋतुजाच्या पिनेचे तिन्ही पाय शाबूत होते. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना.

एक गोष्ट मात्र दिसत होती. तिनं तारांवर हात ठेवला की भुंगा दबायचा, हात काढला की चढायचा. लॅपटॉपच्या कडेला बोट लावलं तर झिणझिण्या. म्हणजे पोरगी स्वतःच अर्थिंगचं काम करत होती. पिनेला तीन पाय होते, भिंतीत तीन भोकं होती, पण तिसऱ्या भोकामागं वाट होती का? काखेत कळसा आणि गावाला वळसा घालून मी शेवटी घरामागं गेलो.

शेळ्यांच्या गोठ्याशेजारी अर्थिंगचा खड्डा होता. घर बांधताना वायरमननं त्यात मीठ-कोळसा भरून पाइप पुरलेला, वर फरशीचा तुकडा. फरशी उचलली. आत भाजून काढल्यासारखी माती, मुंग्या, आणि पाइपाभोवती बोट जाईल एवढी भेग. माझ्याकडं शंभरचा एक जुना पिवळा बल्ब असतो, त्याला दोन वायरी. एक वायर करंटला आणि दुसरी अर्थिंगला लावायची, वाट चांगली असेल तर बल्ब नीट पेटतो. हे तुम्ही करू नका, जिवावर बेतेल. मी लावला, तर बल्बातली नुसती तार लाल झाली.

आत येऊन बापलेकीला समजावून सांगितलं. घरातल्या सगळ्या यंत्रांतून थोडा थोडा करंट गळत असतो. तो खड्ड्यातून जमिनीत जातो. माती ओली असेल तर वाट मोकळी. कोरडी ठाक असेल तर तो माघारी फिरतो आणि गिटारसारख्या हळव्या वस्तूत शिरून गुणगुणत बसतो. उपाय सोपा होता. खड्ड्यात चांगल्या सात-आठ घागरी पाणी ओतायचं.

मी हे अगदी सहज बोलून गेलो. मी बारामतीचा, कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी कुठल्या गावात काय मागितलं.

नळाला पाणी नव्हतं. टँकर दुसऱ्या दिवशी येणार होता. घरात प्यायचा एक हंडा, आणि गोठ्याजवळ एक टिपाड, तेही निम्मं. ते शेळ्यांचं. दिवसभर उन्हात हिंडून शेळ्या संध्याकाळी यायच्या त्या सरळ त्या टिपाडाकडं. मी विचारलं, ओढ्यापलीकडं विहीर दिसतेय ती कुणाची? ऋतुजा हळूच म्हणाली, चुलत्यांची. बांधावरून भांडण झालं तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद, पाणी मागायचा तर प्रश्नच नाही. साडेचार वाजून गेले होते. तिला गाडीवर घालून बारामतीला माझ्या घरी नेऊन रेकॉर्ड करायचं म्हटलं तर सहाच्या आत काही होत नव्हतं.

पोरगी समजूतदार. समजूतदार पोरांचा मला कधी कधी संताप येतो. म्हणाली, "असू द्या काका. ते पाणी शेळ्यांचं हाय. भुंग्यासकट पाठवते. घेतलं तर घेतील."

घेणार नव्हते, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिनं हेडफोन घातला आणि गिटार मांडीवर घेतली. मारुतीराव बाहेर गेले. मला वाटलं, सुटला हा माणूस. मी खिडकीशी उभा राहून मनातल्या मनात त्यांना दोन शिव्या घातल्या.

तेवढ्यात घरामागं पाणी पडल्याचा आवाज आला.

खिडकीतून वाकून बघितलं. मारुतीराव टिपाडातून घागर भरत होते आणि खड्ड्यात ओतत होते. घाई नाही, सांडासांड नाही, पाइपाच्या कडेकडेनं, रोपाला घालावं तसं. माती बुडबुडे काढत पाणी पीत होती. मी बाहेर धावलो, म्हणालो, मारुतीराव, शेळ्यांचं काय?

"येक सांज तहानल्या तर मरत न्हाईत शेळ्या," ते म्हणाले. "पोरीला म्हनावं, वाजव."

मी आत आलो आणि पिशवीतला माझा हेडफोन जोडून कानाला लावला. इतकी वर्षं हा धंदा केला, पण असं कधी ऐकलं नव्हतं. बाहेर घागर रिकामी व्हायची आणि जरा वेळानं कानातला भुंगा एक पायरी खाली उतरायचा. परत घागर, परत एक पायरी. ऋतुजा तारांवरचे हात काढून बसली होती आणि ऐकत होती. तो पार बारीक झाला, एवढा बारीक की आहे की नाही अशी शंका यावी, आणि मग नव्हता. टिपाडाच्या तळाला घागर खरवडल्याचा आवाज आला. पोरगी रडायला लागली. मी तिला चांगला दम भरला, म्हणालो, रडणं सहानंतर, आधी वाजव.

पहिला तुकडा सुरेख झाला. दुसरा चालू व्हायचा होता आणि मला खिडकीतून धुरळा दिसला. शेळ्या परतत होत्या. आता त्या टिपाडाकडं येणार, टिपाड कोरडं बघून एकदम बोंब ठोकणार, आणि एका दमातलं रेकॉर्डिंग बेंबें करत पुण्याला जाणार. पण मारुतीरावांच्या ते माझ्याआधी ध्यानात आलेलं होतं. ते ताडताड पुढं गेले, वळणावरच बायकोला थांबवलं, तिच्या हातातली काठी घेतली आणि सगळा कळप ओढ्याकडं वळवला. दुसरा तुकडा वाजवून संपला तेव्हा बाहेर एकही शेळी नव्हती.

फाइल मोबाइलमध्ये घेतली, रेंजसाठी ऋतुजा जिन्यानं स्लॅबवर गेली, आणि सहाला थोडा वेळ असताना वरून ओरडली, "गेलं, काका." तिच्या आईनं मला चहा दिला. घरात पाणी किती शिल्लक होतं ते ठाऊक असल्यामुळं तो घ्यावासा वाटेना, पण नाही म्हणणंही बरं दिसलं नसतं.

अंधार पडायच्या आत मारुतीराव परत आले. शेळ्या पोट भरून प्यायलेल्या, तोंडं ओली, एकीचाही आवाज नाही. मी विचारलं, पाणी कुठं पाजलंत? ते काठी भिंतीला टेकवत म्हणाले, धाकट्याच्या विहिरीवर. भाऊ काय म्हणाला, असं विचारायचा मला अधिकार नव्हता, तरी विचारलं.

"काय म्हननार? म्हनला, आज पोरीचं वाजवनं मधीच का थांबलं हुतं? मी हितं रोज ऐकतोय." मारुतीरावांनी गोठ्याचं दार लावलं. मग म्हणाले, "आन् मोटर चालू केली."

मी परत निघालो. ज्याला मनात शिव्या घातल्या त्याची माफी कशी मागायची ते मला सुचलं नाही, म्हणून जाताना मारुतीरावांना माझ्याकडची नवी वायर तशीच ठेवून घ्या म्हणालो. ते म्हणाले, शेळ्यांपासून लांब ठेवतो.

ऋतुजाला प्रवेश मिळाला. ती पुण्याला गेली आणि मी माझ्या पुढच्या भुंग्यांमागं लागलो. आता मी कुणाकडंही गेलो की आधी अर्थिंगचा खड्डा बघतो, मग डबीकडं वळतो. आणि पाणी ओता म्हणायच्या आधी, घरात पाणी किती आहे ते विचारतो.

परवा दिवाळीच्या तोंडावर मारुतीरावांचा फोन आला. त्यांचा फोन म्हणजे नवलच. म्हणाले, नाना, पोरगी उद्या सुट्टीला येतीय. खड्ड्यात किती घागरी टाकू? मला हसू आलं. मी म्हणालो, मारुतीराव, यंदा पाऊस चांगला झालाय, जमीन अजून ओली आहे, काही टाकायची गरज नाही, आपोआप चालेल.

पलीकडं रिकामी घागर खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ते ठावं हाय मला," ते म्हणाले. "तरी दोन टाकल्यात."